तिसरी ओळ

औंढ्याहून हिंगोलीला परत येताना बसमध्ये शेजारच्या बाईनं धम्मानंद पाईकरावच्या कोपराला दोन बोटांनी टोचलं, तेव्हा त्याला कळलं की आपले पाय हलताहेत.

"अवो दादा, काहून पाय मारून राहिले? माझ्या पिशवीला लागून राहिलं."

"चुकलं बाई," तो म्हणाला आणि पाय सीटखाली ओढून घेतले. बाईनं पिशवी दुसऱ्या अंगाला सरकवली. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. ती त्याच्या पायांकडे पाहत राहिली. "झटके येतेत का?" तिनं आवाज उतरवून विचारलं. तो नाही म्हणाला, सवय आहे म्हणाला. "आमच्या मालकाला येत व्हते," ती म्हणाली. "जाईपर्यंत सांगितलंच न्हाई मला. शेतात एकलेच पडून राहायचे, उठून घरी यायचे. सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? बाजूला बसून तरी राहिले असते मी." एवढं बोलून तिनं पदर डोक्यावर नीट घेतला आणि खिडकीकडे तोंड केलं. बाहेर शेतात हळद शिजवणं चालू होतं. कढयांखालचा धूर आणि शिजलेल्या हळदीचा मातकट, ओला वास बसमध्ये शिरत होता. धम्मानंदनं गुडघ्यांवर हात दाबून धरले. पाय थांबले होते, पण मांड्यांच्या आत ते पुढचं वाजवायचे थांबलेच नव्हते. डावा पाय टाच टेकून खाली जात होता, उजवा त्याच्यामागून चवड्यानं ओलांडत होता. कुठल्या रचनेचा कुठला भाग आहे हे ओळखायला त्याला विचार करावा लागला नाही. काल संध्याकाळी कॉम्प्युटरवर त्यानं जो भाग निवडून पुसून टाकला होता, तोच होता.

तीनशे वर्षांपूर्वीच्या एका जर्मन ऑर्गनवादकाची ती रचना. त्या माणसाचं नाव हिंगोलीत सांगून काही फरक पडत नव्हता, म्हणून धम्मानंद ते कुणाला सांगतही नसे. ऑर्गनच्या संगीताचा कागद तीन ओळींचा असतो. वरची ओळ उजव्या हाताची, मधली डाव्या हाताची आणि तिसरी, सगळ्यात खालची, पायांची. पियानोच्या कागदावर दोनच ओळी. तेव्हा ऑर्गनचं पियानोसाठी उतरवायचं म्हणजे तिसऱ्या ओळीचं काय करायचं, हाच सगळा प्रश्न. दोन हातांनी तीन माणसांचं काम करायचं. डावा हात खालचा सूर घ्यायला गेला की मधलं उघडं पडतं, मधलं सांभाळलं की खालचं हातातून जातं. शिवाय ऑर्गनचा सूर बोट दाबून धरलं आहे तोवर तसाच उभा राहतो, आणि पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून विझायला लागतो. मग तो पुन्हा छेडायचा का, किती वेळा छेडायचा, की विझू द्यायचा? अशा एकेका जागेवर धम्मानंदचे आठ आठ दिवस गेले होते. तीन वर्षं तो हे करत होता. कुणी सांगितलं म्हणून सुरू केलं नव्हतं. पुण्याच्या चर्चमधली ऑर्गन वाजवायची नोकरी सुटल्यावर हात आणि डोकं रिकामं राहू नये म्हणून सुरू केलं, आणि आता त्याचाच थकवा आला होता. सकाळी उठल्याबरोबर खांद्यांवर बसणारा, चहानंही न उतरणारा थकवा.

त्याचा जुना विद्यार्थी चिन्मय येत्या रविवारी पुण्यात एका छोट्या सभागृहात ही उतरवलेली रचना वाजवणार होता. परवा त्याचा आवाजी निरोप आला. सर, शेवटच्या पानावर हात पुरत नाहीत हो. खालचा सूर धरून वरचं वाजतच नाही. खालचं तेवढं काढून टाकू या का? पियानोवर ऐकणाऱ्याला कुठे माहीत असणार तिथे काय होतं ते. चिन्मय चांगला मुलगा, कामाचा, त्याचं काही चुकलं नव्हतं. काल संध्याकाळी धम्मानंदनं शेवटच्या पानावरची खालची बावीस घरं पुसली. उभ्या दोन रेघांमधल्या जागेला तो घर म्हणत असे. जालन्याच्या मिशनच्या वसतिगृहात खेड्यापाड्यातून आलेल्या पोरांना हार्मोनियम शिकवणाऱ्या मास्तरांनी तसं शिकवलं होतं, एका घरात चार जण, म्हणजे चार मात्रा, राहतात, जास्त झाले की भांडणं होतात. पुसल्यावर त्यानं ते शेवटचं पान एकदा वाजवून पाहिलं होतं. गोड वाटलं होतं. इतकं गोड की त्यानं कानांवरचे हेडफोन काढून ठेवले होते.

बस नाक्यावर थांबली, दोन माणसं चढली. धम्मानंदला पुण्यातली ती अरुंद लाकडी जिना चढून जायची जागा आठवली, ऑर्गनच्या बाकावर बसल्यावर पाठीमागे चारशे माणसं असूनही एकट्याची असलेली. पायांखाली, पायांनी वाजवायच्या तीस लाकडी पट्ट्या. चर्चच्या मुख्य ऑर्गनवादक मिस कुटिन्हो सुरुवातीचे सहा महिने त्याच्या मांड्यांवर वर्तमानपत्र पसरून ठेवायच्या, खाली पाहता येऊ नये म्हणून. पायांनाच शोधू दे, त्या म्हणायच्या, डोळ्यांनी शोधलंस तर जन्मभर डोळ्यांनीच शोधशील. रेल्वेत गँगमन असलेल्या सटवाजी पाईकरावचा हा मुलगा कॉलेजसाठी पुण्यात आला, शनिवारी चर्चचे बाक पुसायचं काम मिळालं, आणि बाक पुसता पुसता वर ऑर्गनपाशी गेला तो सत्तावीस वर्षं वरच राहिला. पगारी सहायक. ख्रिस्ती नाही हे सगळ्यांना माहीत होतं. पाद्री एकदा हसून म्हणाले होते, बुद्धाचा माणूस आमच्या देवाला झोपू देत नाही. बायको शिला हिंगोलीला सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स, तिची नोकरी इथं, त्याची तिथं. दिवाळीला, मेमध्ये, मुलीच्या, पुजाच्या, परीक्षांना तो यायचा. मग करोनाची साथ आली, चर्च वर्षभर बंद राहिलं, बंद ऑर्गनच्या भात्यांना उंदीर लागले, आणि दुरुस्तीऐवजी समितीनं विजेवरचं एक यंत्र आणलं. ते वाजवायला कुणीही चालत होतं. धम्मानंद एक विजेवरचा पियानो घेऊन हिंगोलीला आला. आठवड्यातून दोन सकाळी औंढ्याच्या एका शाळेत पोरांना प्रार्थना आणि पेटी शिकवायची, बाकी वेळ खोलीत. शिलाची झोप मोडू नये म्हणून हेडफोन लावून. त्यामुळं तीन वर्षांत घरात संगीत ऐकूच आलं नव्हतं, नुसती पट्ट्यांची टकटक. "तुमची टकटक झाली का?" शिला विचारायची, तेवढंच.

गेल्या महिन्यात जेवताना ती म्हणाली होती, नांदेडला बदलीचा अर्ज करून राहिले. पुजाला नांदेडला नोकरी लागली होती, ती तिथं खोली घेऊन राहत होती. धम्मानंद म्हणाला, आपण जाऊ की. शिला भाकरी मोडत म्हणाली, "मी माझं सांगितलं. तुमचं तुमी ठरवा. तुमी हितं येऊन तीन वर्सं झाली, पन मला अजून वाटतंय तुमी यायचेच हायेत." ती रागानं बोलली नव्हती. पेशंटच्या नातेवाइकाला वॉर्डचा नंबर सांगावा तसं सांगितलं होतं. तेव्हापासून त्याला त्या वाक्याला काहीतरी उत्तर द्यायचं होतं आणि उत्तर सापडत नव्हतं. आता बसमध्ये, धुराच्या वासात, त्याला कळत होतं की उत्तर नव्हतं असं नाही. उत्तर पंचवीस वर्षं होतं. त्याचे पाय त्याच्यावाचून तिथंच जात होते.

ईस्टरचा रविवार होता, निन्याण्णव साल. मिस कुटिन्होंचं डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून ईस्टरची मोठी प्रार्थना पहिल्यांदाच एकट्या धम्मानंदकडे आली होती. सहा आठवडे त्यानं तयारी केली होती, आणि शेवटी हीच रचना. त्याच्या अकरा दिवस आधी हिंगोलीला त्यांना पहिली मुलगी झाली होती, आठव्या महिन्यात, मुठीएवढं डोकं असलेली. पाचव्या दिवशी तो जाऊन आला होता. काचेच्या पेटीत ती झोपलेली होती, तिच्या टाचा त्याच्या अंगठ्याच्या नखाएवढ्या होत्या. डॉक्टर म्हणाले, वजन वाढतंय. दोन दिवस राहून तो परतला. ईस्टरच्या सकाळी नऊ वीसला चर्चचा कारकून जिना चढून आला आणि एक चिठ्ठी बाकावर ठेवून लगेच खाली गेला, बहुधा वाचताना समोर थांबायला नको म्हणून. शिलाच्या भावाचा फोन आला होता. बाळ गेलं. फोन करा, वाट बघतो. खाली एसटीडी बूथचा नंबर. ऑफिसातला फोन जिन्याच्या पायथ्याशी होता, एकोणीस पायऱ्या. खाली माणसं बसत होती, नव्या कपड्यांची सळसळ वर येत होती. धम्मानंदनं चिठ्ठीची घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली, बूट काढून पातळ तळव्यांचे वाजवायचे बूट घातले, आणि साडेनऊला पहिला सूर धरला. बारा वाजता त्यानं बूथवर फोन केला. शिलाच्या भावाला त्यानं सांगितलं, आत्ता, या मिनिटाला चिठ्ठी हातात पडली. लगेच निघतो, थांबा. पण घरच्यांनी त्याचा फोनच येत नाही असं धरून तयारी सुरू केली होती, उन्हाळा होता, म्हातारी माणसं थांबायला तयार नव्हती. चार वाजता पुरलं. तो दुसऱ्या दिवशी पहाटे पोचला. शिला भिंतीला टेकून बसली होती. तिनं विचारलं, चिठ्ठी किती वाजता भेटली, आणि तो म्हणाला, बारा.

हिंगोलीच्या डेपोत बस वळली. शेजारची बाई उतरताना म्हणाली, "डाक्टरला दाखवा बरं का दादा." तो हो म्हणाला. डेपोपासून घर चालत पंधरा मिनिटं, ऊन डोक्यावर आलं होतं, मोंढ्याकडं जाणारे हळदीचे ट्रक रस्त्यात उभे होते. आपण चालतोय आणि पायांना आता फक्त चालायचंच काम आहे, हे त्याला बरं वाटलं. पण घर जवळ आलं तशी ती दवाखान्यातली काचेची पेटी, तो जिना, शिलाची भिंत असं सगळं एकदम अंगावर आलं आणि त्याला वाटलं, आज नको, उद्या. हे उद्या त्यानं किती वेळा म्हटलं असेल. पुजा झाली तेव्हा, पुजा दहावी झाली तेव्हा, शिलाचा भाऊ वारला तेव्हा. दरवेळी बोलणं एवढं जड होऊन गेलेलं असे की उचलायला कुठून धरावं ते कळत नसे.

शिलाची दुपारची ड्यूटी होती, दोन ते नऊ. ती जेवायला बसली होती, केस ओले, पांढरा कोट खुर्चीच्या पाठीवर. पाय सुजतात म्हणून तिनं ते स्टुलावर लांब करून ठेवले होते.

"लवकर आले आज?"

"बस लगेच भेटली."

"वांगं झाकून ठेवलंय. घ्या वाढून."

त्यानं वाढून घेतलं नाही. समोरच्या खुर्चीत बसला. पंखा वर आवाज करत होता. "शिला," तो म्हणाला, "त्या चिठ्ठीचं सांगायचं होतं."

"कोनती चिठ्ठी?"

"ईस्टरची. आपली पहिली गेली तेव्हाची."

शिलानं भाकरीचा तुकडा मोडला, तो तोंडात घातला नाही, ताटातच ठेवला. त्याच्याकडे पाहिलं नाही.

"बारा वाजता भेटली म्हनलो होतो तुला. बाराला न्हाई भेटली. नऊ वीसला भेटली."

"नऊ वीसला," ती म्हणाली. दवाखान्यात औषधाची वेळ पुन्हा म्हणून घेतात, तसं.

"वाचली मी. खिशात ठेवली. वाजवायला बसलो."

"किती वेळ?"

"सव्वाअकरापर्यंत. मंग लोक भेटायला आले. बारा वाजले."

"फोन कुठं होता?"

"खाली. जिन्याखाली."

शिलानं तांब्या उचलून पाणी प्यायलं, सावकाश, सगळं. "दादा बूथवरून हलला न्हाई," ती म्हणाली. "बूथवाल्यानं त्याला बसायला खुर्ची दिली व्हती. मला येऊन सांगत व्हता, येईल, येईल फोन, मोठा सन हाय तिकडं, कुनी वर गेलं नसंल सांगायला. तुमच्यासाठी भांडला तो म्हाताऱ्यांशी. दादा गेला, त्याला बी न्हाई सांगितलं तुमी."

"न्हाई सांगितलं."

धम्मानंदला वाटलं आता ती रडेल किंवा उठून जाईल, आणि दोन्हीसाठी तो तयार होता, पंचवीस वर्षं त्याची त्यासाठीच तयारी होती. ती त्याच्या हातांकडे पाहत होती. टेबलावर ठेवलेले, बोटं थोडी वाकलेली, नखं अगदी बारीक कापलेली.

"वाजवताना चुकलं का कुठं?" तिनं विचारलं.

त्याला प्रश्न कळायला वेळ लागला. "न्हाई," तो म्हणाला.

"एकदाबी?"

"एकदाबी न्हाई."

शिलानं मान हलवली. ताटातच हात धुतला, अर्धी भाकरी तशीच राहिली. कोट घातला, खिशात पेन अडकवला, आरशात केस बघितले. धम्मानंद बसूनच होता. दारात चपला घालताना तिनं भिंतीला हात टेकला आणि तशीच थोडा वेळ उभी राहिली. "उद्या सकाळी परत सांगा," ती म्हणाली. "मला ड्यूटी हाय आता. काही डोक्यात गेलं, काही न्हाई गेलं. सगळं सांगा. गाळू नका."

ती गेल्यावर त्यानं तिचं ताट उचलून ठेवलं. उन्हाचा पट्टा फरशीवरून सरकून पियानोच्या पायापाशी गेला. चारच्या सुमाराला त्यानं कॉम्प्युटर चालू केला आणि काल पुसलेली बावीस घरं एकेक करून परत लिहायला घेतली. हेडफोन लावले नाहीत. हात खरंच पुरत नव्हते, चिन्मयचं बरोबर होतं. दहा सुरांचं अंतर, वर मधला आवाज चालू. धम्मानंदनं खालचा सूर थोडा आधी ठेवला, एकटा, आणि बाकीचे त्याच्यावर नंतर चढवले. काही ठिकाणी मधलं सोडून द्यावं लागलं. त्याचं त्याला वाईट वाटलं, पण त्यानं सोडलं. वाजवून पाहिलं तेव्हा ते कालच्याइतकं गोड लागत नव्हतं. जड होतं, अडखळत होतं, पण आता ते खाली टेकत होतं. चिन्मयला त्यानं निरोप बोलून पाठवला. "शेवटचं पान परत पाठवलंय. खालचं काढायचं नाही. हात पोचत नसला तर आधी खालचा सूर वाजव आणि मग वर ये. उशीर झाल्यासारखं वाटेल. वाटू दे." चिन्मयचं लगेच उत्तर आलं, बघतो सर, पण रविवारपर्यंत जमेल का सांगता येत नाही. धम्मानंदला ते पटलं. नाही जमलं तर नको वाजवूस, त्यानं लिहिलं. संध्याकाळ झाली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण सकाळपासून जेवलेलो नाही. वांगं थंडच खाल्लं, उभ्यानंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठला तर शिला स्वयंपाकघरात होती. तिचे डोळे सुजले होते, पण झोप न झाल्यानं तिचे डोळे नेहमीच सुजत, त्यावरून काही कळत नव्हतं. तिनं दोन कप चहा आणला, एक त्याच्यापुढं ठेवला. बाहेर शेजारच्या मालनबाई अंगण झाडत होत्या. शिलानं दार लोटून घेतलं आणि समोरच्या खुर्चीत बसली.

"बदलीच्या अर्जाचं नंतर बघू," ती म्हणाली. "आधी हे. सुरवातीपासून सांगा."

धम्मानंदनं सांगायला सुरुवात केली. सकाळची वेळ, मिस कुटिन्होंचं ऑपरेशन, कारकुनाचा जिन्यावरचा आवाज, चिठ्ठीचा पिवळा कागद, एकोणीस पायऱ्या. दुसरं कुणी वाजवायला नव्हतं असं तो म्हणणार होता, म्हणायला तोंड उघडलंही, आणि मग म्हणाला, "सांगितलं असतं तर पाद्रींनी नुसत्या गाण्यावर भागवलं असतं. त्यांनी मला जा म्हनलं असतं. म्हनून मी सांगितलं न्हाई. मला वाजवायचं होतं." शिला ऐकत होती. मध्ये तिनं एकदा विचारलं, तवा तुमच्या खिशात होती का चिठ्ठी, आणि तो म्हणाला, होती, वाकलं की टोचत होती. तो पहिल्या गाण्याचं बोलला, दुसऱ्याचं बोलला, मधल्या लांब प्रवचनाचं बोलला, की त्या अर्ध्या तासात त्याला चार वेळा खाली जाता आलं असतं. चहावर साय धरली. आता शेवटची रचना उरली होती, आणि काल दुपारी सांगताना, त्याआधी बसमध्ये स्वतःशी आठवताना, त्याआधी पंचवीस वर्षं, तो या जागेवरून नेहमी पुढं निघून जात असे, सव्वाअकराला संपलं म्हणून. त्यानं कपाला हात लावला, उचलला नाही.

"शेवटचं पान वाजवताना," तो म्हणाला, "मला बरं वाटत होतं. लई बरं. तेवढा वेळ ती गेली हे माझ्या ध्यानातच न्हवतं."

शिलानं खुर्ची थोडी पुढं ओढली.

"मंग?" ती म्हणाली.